चहा छताला लागतो तेव्हा

नागपूरहून ओसाकाला निघालेल्या विमानात बायको नाकाकडे आणि नवरा शेपटाकडे, अशी त्या सकाळी ठवकरांच्या संसाराची वाटणी झाली होती. मधे तीनशे प्रवासी. बायको म्हणजे कॅप्टन शर्वरी निंबाळकर, फलटणची, बोलणं एक घाव दोन तुकडे. नवरा प्रफुल ठवकर, पक्का नागपूरकर, मागच्या पॅन्ट्रीचा प्रमुख आणि चहाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारा. रोहिणी एअरवेज नवरा-बायकोला शक्यतो एका विमानात घालत नाही, अधूनमधून अशी वेळ येते तेवढीच. पण त्या दिवशी नेमलेला माणूस तापाने आडवा झाला आणि प्रफुलची वर्णी लागली.

शर्वरीला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण दबकत झाला. गेलं वर्षभर दोघांच्यात एक विचित्र शांतता शिरली होती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. दोघं एका घरात राहत होती, एकमेकांची काळजी घेत होती, आणि बोलायला काही सापडत नव्हतं. याला कारण एक यंत्र. गंमत म्हणजे ते यंत्र विमानात यावं म्हणून शर्वरीनेच जिवाचं रान केलं होतं.

शर्वरी नवी नवी सहवैमानिक होती, तेव्हा विमान हादरलं की पुढून मागे फोन करायचा रिवाज होता. खड्डा आला की एसटीच्या शेवटच्या बाकावरचा माणूस सगळ्यात जास्त उडतो, विमानाचंही तसंच. पुढे वैमानिकाला जे किरकोळ वाटतं, त्यात शेपटाकडे उभ्या असलेल्या माणसाचे गुडघे फुटू शकतात. म्हणून पुढच्याने मागच्याला विचारायचं, कसं आहे? उत्तराचे शब्दही ठरलेले: हलकं, मध्यम, तीव्र. शर्वरीने आयुष्यातला पहिला फोन केला आणि पलीकडून आवाज आला, "ते हलकं-मध्यम आपल्याला नाही समजत, मॅडम. चहा काठाला आलाय. सांडून नाही राहिला अजून."

प्रफुलची मोजपट्टी अशी होती. चहा थरथरतो, मग काठाला येतो, मग बशीत येतो, आणि सगळ्यात शेवटी छताला लागतो. शेवटचा प्रकार त्याने फक्त जुन्या लोकांच्या तोंडून ऐकला होता. शर्वरी इतकी हसली की शेजारच्या कॅप्टनने चमकून पाहिलं. पुढे हवा स्वच्छ असली, विमान लोण्यातून जात असलं, तरी ती मागे फोन करू लागली. दोन वर्षांनी लग्न झालं.

आणि एके दिवशी चहा खरंच छताला लागला. आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि बंगालच्या उपसागरावर विमान पायाखालची फरशी काढून घ्यावी तसं खाली गेलं. प्रफुल किटली घेऊन उभा होता. चहाबरोबर तोही छताला लागला आणि मग खाली आपटला. दोन बरगड्या आणि खांदा. शर्वरी त्या दिवशी सुट्टीवर होती. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून ती एवढंच म्हणाली, "मला ही हवा दिसायला पाहिजे. बस्स."

हवा दिसत नाही ही वैमानिकांची जुनी पंचाईत. विमानातलं रडार ढग दाखवतं, कारण रडारला पाण्याचे थेंब लागतात. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वाऱ्याच्या नद्या वाहतात, ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाच्या. त्यांच्या काठाशी वेगवान थर संथ थरावर घासतो, घासता घासता त्याच्या गुंडाळ्या होतात आणि त्या गुंडाळ्या फुटतात. हे सगळं कोरड्या, स्वच्छ हवेत, त्यामुळे रडारच्या पडद्यावर काहीच नाही. पृथ्वी तापत गेली तशी वरच्या थरांमधली ही ओढाताणही वाढत गेली. पूर्वी चार-सहा महिन्यांतून एखादा मोठा दणका बसायचा, आता दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या विमानातून लोक स्ट्रेचरवरून उतरत होते.

मग 'चाहूल' आली. या यंत्राला दोन डोळे. पहिला विमानाच्या नाकात. तिथून लेझरचा झोत पुढे सुटतो. हवेत कितीही उंचावर बारीकशी धूळ असतेच. त्या कणांवरून थोडा उजेड परत येतो, आणि कण जवळ येतोय की लांब जातोय त्याप्रमाणे त्या उजेडाचा रंग केसभर बदलतो. तेवढ्यावरून पुढची हवा कशी वळवळते आहे ते दीड-एक मिनिट आधी कळतं. दुसरा डोळा म्हणजे आकाशातली बाकीची सगळी विमानं. ज्या विमानाला जिथे दणका बसेल तिथे सगळ्यांच्या नकाशावर लाल ठिपका. हवा एका जागी थांबत नाही, म्हणून तासाभराने जुना ठिपका पुसला जातो. लाल म्हणजे टाळा, पिवळं म्हणजे सांभाळा, हिरवं म्हणजे खुशाल जा.

शिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनगटावर एक पट्टा. तो थरथरला की आकडे उलटे धावू लागतात: साठ सेकंद, पातळी दोन. ट्रॉली अडकवा, बसा. संपलं की पट्टा हिरवा, उठा.

शर्वरी चाहूलच्या चाचणी पथकात होती, पुढे त्या यंत्राचं प्रशिक्षणही तीच देऊ लागली. किती जणांची हाडं वाचली! मनगटावरचा पट्टा गप्प असताना सीटबेल्टचा दिवा लावायची गरज उरली नाही. प्रवासी बागेत फिरल्यासारखे फिरू लागले, चहा शेवटच्या सेकंदापर्यंत गरम मिळू लागला. "आता मागे फोन करत बसू नका," शर्वरी नव्या वैमानिकांना सांगायची, "मागच्यांना पट्टा सांगतो." फोन बंद पडले. प्रफुलला जाणाराही.

"आता माझं काय काम?" एका संध्याकाळी तो म्हणाला होता. "पट्टा आहे ना."

"त्या पट्ट्यामुळे तुझ्या बरगड्या शाबूत आहेत," ती म्हणाली.

दोघांचंही खरं होतं. त्यामुळे पुढे बोलायला काही उरलं नाही.

तर त्या सकाळी विमान ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडच्या डोंगरांवर पोचत होतं. शर्वरीच्या शेजारी सहवैमानिक अस्लम मुजावर, मिरजेचा, हुशार आणि चाहूल आल्यानंतर नोकरीला लागलेला. समोरच्या सरळ रस्त्यावर मघापासून लाल ठिपक्यांचा मोठा डाग पडला होता. पुढची सगळी विमानं दक्षिणेकडून वळसा घालून जात होती. यांनीही वळसाच ठरवला होता. पण डागाजवळ येता येता एकेक ठिपका पुसला गेला, शेवटचाही गेला आणि सगळा नकाशा हिरवा झाला.

"मॅडम, उघडलं!" अस्लम जागच्या जागी उसळला. "चाहूल म्हणतेय सरळ जा. अकरा मिनिटं वाचतात."

"माग परवानगी."

परवानगी मिळाली. विमानाने नाक सरळ केलं आणि शर्वरीला मोकळ्या हमरस्त्यावर गाडी सोडल्याचा आनंद झाला. खाली बर्फाचे शेंडे चमकत होते, वर आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. आपण या यंत्रासाठी केलेल्या खटपटीचं सार्थक झालं असं तिला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. मागचा.

"कॅप्टन, शेपूट बोलून राहिलो."

शर्वरीने फोन कानाशी घट्ट धरला. वर्षभरात हा आवाज या फोनवर आला नव्हता. "काय झालं?"

"काहीच नाही झालं. तेच सांगायला फोन केला. चहा कपात स्थिर आहे. विचारणारं कोणी नाही, म्हटलं आपणच सांगावं."

तिला हसू आवरेना. "पट्टा आहे ना तुझ्या हातात?"

"पट्ट्याला चहाचं काय समजते? तू सांग, पुढे कसं आहे?"

"हिरवंगार."

"ते नकाशा सांगून राहिला. माणसानं सांगितलं का कोणी?"

शर्वरीच्या अंगात फलटण संचारलं. "लाव पैज. आत्ता रेडिओवर विचारते. पुढचं विमान म्हणालं की रस्ता चांगला आहे, तर ओसाकात जेवण तुझ्याकडून, आणि यापुढे पट्ट्याला नावं ठेवायची नाहीत."

"आणि हरलीस तर?"

"तर एकत्र असू त्या प्रत्येक फ्लाइटला फोन करीन. पूर्वीसारखा."

"लागली," प्रफुल म्हणाला. "चल, ठेवतो. जेवणाच्या ट्रॉल्या काढायच्या आहेत."

विमानांनी आपापसात बोलायची एक वेगळी रेडिओवाट असते. पूर्वी तिथे दिवसभर चावडी भरलेली असायची: कसा आहे रस्ता, किती उंचीवर बरं आहे, कुणाला दणका बसला. चाहूल आल्यापासून तिथे शुकशुकाट होता. अस्लम तर त्यावर एकदाही बोलला नव्हता. शर्वरीने बटण दाबलं. हे बोलणं इंग्रजीतलं, पण आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

"सगळ्यांना नमस्कार, इथे रोहिणी पाच-एक. डोंगरावरच्या सरळ वाटेवर आमच्या पुढे कोण आहे? कसं आहे तिकडे?"

बराच वेळ नुसती खरखर. मग एका मालवाहू विमानातली बाई बोलली, "रोहिणी, आम्ही तुमच्या पुढे आहोत, पण दक्षिणेला. तिथे लाल होतं ना?"

"आता हिरवं आहे."

"असेल. आम्ही नाही गेलो."

दुसरा आवाज आला, जाडाभरडा, वयस्कर. "आम्हीही दक्षिणेनेच. तासाभरापूर्वी तिथे दोघांना जोराचा मार बसला. त्यानंतर कुणीच गेलेलं नाही. हिरवं म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

शर्वरीने पुन्हा त्या हिरव्या नकाशाकडे पाहिलं. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि त्या उजेडाने तिला घाम फुटला. कुणी गेलंच नाही! लाल पाहून सगळी विमानं बाजूने गेली. आत कुणी शिरलंच नाही, म्हणून दणका बसल्याची नवी खबर आली नाही. तासाभराने जुन्या खबरी पुसल्या गेल्या. आणि ज्या हवेबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं, ती हवा यंत्राने शांत ठरवली. चाहूलवर सगळ्यांचा इतका विश्वास होता की त्या विश्वासानेच तिचा एक डोळा मिटला होता.

"अस्लम, लेझर! परत किती उजेड येतोय?"

पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा एक आकडा असतो. तिकडे कुणी बघत नसे. अस्लमने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "जवळजवळ काहीच नाही, मॅडम."

हिवाळ्यात तिबेटच्या पठारावरून येणारं वारं. ते धुऊन काढलेलं आकाश! धूळच नाही, तर उजेड कशावरून परत येणार? वळवळ दिसली नाही, म्हणून यंत्र म्हणालं वळवळ नाही. नाकातला डोळाही मिटलेला. आणि मागे प्रफुल ट्रॉल्या बाहेर काढत होता, आपला पट्टा हिरवा आहे म्हणून.

"उजवीकडे वळायची परवानगी माग. वेग कमी. दिवा लाव." एवढं बोलून तिने फोन उचलला. वळलं तरी बाहेर पडायला वेळ लागणार होता, आणि नुसत्या दिव्याकडे आता कुणी ढुंकूनही बघत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"शेपूट," प्रफुल म्हणाला. "जिंकलीस का?"

"बस. सगळ्यांना बसव. आत्ता."

"पट्टा हिरवा दाखवून राहिला."

"पट्ट्याचं सोड. मी सांगतेय."

विमानात मागच्यांनी पुढच्यांना तीन प्रश्न विचारायचे असतात. प्रफुलने सवयीने विचारले. "किती मोठं?"

"माहीत नाही."

"कधी?"

"माहीत नाही."

"किती वेळ?"

"प्रफुल, मला काहीच माहीत नाही! कुणालाच माहीत नाही. म्हणून सांगतेय, बस."

तो म्हणाला, "ठीक." फोन त्याने लगेच हुकाला लावला नसावा, कारण त्याचा खणखणीत आवाज तिला ऐकू येत राहिला. "ट्रॉल्या आत! सोडा ते जेवण! ओ दादा, खाली बसा! ताई, पोराला मांडीवर नाही, खुर्चीत घ्या, बेल्ट लावा!" शर्वरीनेही प्रवाशांना सांगितलं, अगदी कडक आवाजात.

आणि मग काहीच झालं नाही.

विमान लोण्यातून जात होतं. एक मिनिट गेलं. अस्लमने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. शर्वरीला वाटलं, काही झालं नाही तर कंपनी विचारेल, जेवण का थांबवलं, वळसा का घेतला, हिरव्यावर विश्वास नाही तर दुसऱ्यांना शिकवता कशाला? काही होऊ नये असं तिला वाटत होतं. आणि खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी व्हावं असंही वाटत होतं. त्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

मग विमान डावीकडे कललं आणि खाली गेलं.

पडदा इतका थरथरत होता की त्याच्यावरचे आकडे धड वाचता येईनात. खालून धपकन मार बसला, पुन्हा वर, पुन्हा खाली. अस्लम दिसेल तेवढा आकडा मोठ्याने वाचत होता, शर्वरीने दोन्ही हातांनी विमान धरून ठेवलं होतं, त्याच्याशी झगडा न करता, जेवढं जाईल तेवढं जाऊ देत, पंख सरळ ठेवत. आणि या सगळ्या गदारोळात चाहूलला जाग आली. "सावध," ती गोड आवाजात म्हणाली, "पातळी चार."

"आत्ता सांगतेय!" अस्लम ओरडला.

आणखी एक धक्का, सगळ्यात मोठा. मग जसं सुरू झालं तसंच संपलं. विमान वळून बाहेर आलं होतं.

शर्वरीने फोन उचलला. कुणी घेतला नाही. पुन्हा केला. वाजतोय, वाजतोय. तिला ते हॉस्पिटल आठवलं, त्याच्या नाकातली नळी आठवली. वर्षभर आपण या माणसाला एकदाही विचारलं नाही, कसं आहे, हेही आठवलं. डोळे भरून आले तरी हात हलले नाहीत. हलून चालणार नव्हतं.

फोन वाजला.

"शेपूट." आवाज धापा टाकत होता. "चहा छताला."

"माणसं?"

"खुर्चीत. सगळी. एक आजोबा संडासाच्या रांगेत उभे होते, त्यांना घेऊन मी खालीच बसलो अन् खुर्चीचा पाय धरला. त्यांना खरचटलं पण नाही."

"आणि तू?"

"मनगट सुजून राहिलं. मोडलं असेल. पट्टा फुटला माझा." मग त्याला हसू फुटलं. "बाप्पा, फुटला तरी हिरवाच दाखवून राहिला!"

शर्वरी हसली, रडली, आणि एका हाताने डोळे पुसत तिने रेडिओचं बटण दाबलं. "सगळ्यांना, रोहिणी पाच-एक. सरळ वाटेवर तीव्र हादरे. पुढे जोराचे, मागे त्याहून वाईट. मागे चहा छताला लागला. नकाशा हिरवा दिसला तरी येऊ नका."

लगेच दोन आवाज एकमेकांवर आदळले. यांच्या मागोमाग दोन विमानं हिरवं पाहून सरळ वाटेला लागली होती, दोन्हींत जेवण वाढणं चालू होतं. दोन्ही वळली. मग एकाने विचारलं कोणत्या उंचीवर, दुसऱ्याने विचारलं किती लांबपर्यंत, त्या जाड्याभरड्या आवाजाने विचारलं कुणाला लागलं का, आणि बघता बघता वर्षभर ओस पडलेली चावडी पुन्हा भरली. अस्लमही बोलू लागला. इतका बोलू लागला की त्याला थांबवावं लागलं. चाहूलच्या नकाशात पुढे राखाडी रंग आला, इथून अलीकडे कुणी गेलेलं नाही असं सांगणारा. त्याला बऱ्याच बैठका लागल्या. सुरुवात मात्र त्या सकाळी झाली.

विमान तपासून घ्यायला हनोईला उतरायचं ठरलं. हवा शांत झाली आणि विमानात एक डॉक्टर आहे, प्रफुलचा हात बांधून झाला आहे, असा निरोप आला, तेव्हा अस्लम म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं जाऊन या. मी आहे इथे."

शर्वरी मागे गेली. तीनशे माणसं सीटबेल्ट बांधून बसलेली होती, कुणी तिचा हात धरत होतं, कुणी नुसतं बघत होतं. शेवटच्या पॅन्ट्रीच्या छतावर मोठा तपकिरी डाग होता, अजून ठिबकत होता. खाली दुमडत्या सीटवर प्रफुल बसला होता, मनगटावर बर्फ, आणि चांगल्या हाताने कपात चहा ओतत होता.

"हरले," ती त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "दर वेळी फोन करीन."

"अन् जेवण?"

"हनोईत. माझ्याकडून."

त्याने कप तिच्यापुढे ठेवला. तेवढ्यात डोक्याशेजारचा फोन वाजला. तिने घेतला. अस्लम होता. "मॅडम, ते मालवाहू विमान विचारतंय, आता तुमच्या शेपटाकडे कसं आहे?"

शर्वरीने फोन नवऱ्याच्या हातात दिला. "तुझ्यासाठी आहे. सगळं आकाश ऐकतंय, नीट सांग."

प्रफुल ताठ बसला. त्याने घसा साफ केला. मग दोघंही कपावर वाकली आणि श्वास रोखून बघत राहिली.

"अस्लमभाऊ," तो म्हणाला, "सांगा त्यांना, चहा थोडा थरथरून राहिला. पण पिण्यासारखा आहे."